चिठ्ठी कोणी न्यायची?

फराळाचे ताट समोर असताना उवा, खरूज आणि किडके दात यांच्या गोष्टी काढू नयेत, एवढे मलाही कळते. पण ज्या घरात पोरे आहेत त्या घरात हे तिन्ही पाहुणे केव्हा ना केव्हा मुक्काम करून गेलेले असतात. आणि पोरांवाचून दिवाळी ती कसली? तेव्हा वाचकांनी चकली मोडता मोडता ही हकीगत ऐकावी. हकीगत विलायतेतली आहे, सव्वाशे वर्षांहून जुनी. पण तिचा शेवट अजून व्हायचा आहे, आणि तिचे एक टोक आपल्या गावच्या शाळेच्या ओट्यापर्यंत येऊन पोचले आहे.

प्रश्न तसा साधा. एखादा मुलगा फळ्यावरची अक्षरे डोळे बारीक करून वाचतो, हे मास्तरांना दिसते. पण मास्तर काही डॉक्टर नव्हेत. डॉक्टरांना डोळ्यांतले कळते. पण ते दवाखान्यात बसलेले, त्यांच्यापुढे तो मुलगा येतच नाही. आईपुढे मुलगा रोज असतो. पण तिला वाटते, कार्टे अभ्यासाचा कंटाळा करते. तिघेही त्याच्या भल्याचेच. तिघांनाही एकेक तुकडा ठाऊक, आणि तिन्ही तुकडे जुळवणारे कोणी नाही. शाळा शिक्षणखात्याची, दवाखाना आरोग्यखात्याचा, घर कोणत्याच खात्याचे नाही. शाळांची व्यवस्था सुधारण्याचा कायदा झाला की या तिघांमधले अंतर कधी कमी होते, कधी वाढते. आणि कायदा करणाऱ्यांच्या मनात बहुधा भलताच हेतू असतो. इंग्लंडात हा खेळ पाच-सहा वेळा झाला. म्हणूनच तो पाहण्याजोगा आहे.

१८७० साली इंग्लंडात फॉर्स्टरसाहेबांचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. लोकांनी निवडलेली स्कूल बोर्डे ठिकठिकाणी स्थापन झाली, जिथे शाळा नव्हत्या तिथे त्यांनी शाळा काढल्या, आणि १८८० पासून पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत येणे सक्तीचे झाले. या सक्तीचा एक परिणाम आधी कोणाच्या ध्यानात आला नव्हता. तोवर गरिबांची पोरे गल्लीबोळांत, तळघरांत, गिरण्यांत विखुरलेली असत. आता ती सगळी एका छपराखाली, बाकांवर ओळीने येऊन बसली, आणि देशाला आपली मुले प्रथमच दिसली. मुडदुसाने पाय वाकलेली, कान वाहणारी, तोंडाने श्वास घेणारी, उपाशीपोटी पेंगणारी अशी ती मुले होती.

पण दिसणे निराळे आणि पाहणे निराळे. त्या काळी तिकडे निकालाप्रमाणे अनुदान देण्याची पद्धत होती. १८६२ पासून ती चालत आलेली. सरकारी इन्स्पेक्टर यायचा, मुलांचे वाचन, लेखन आणि गणित तपासायचा, आणि जेवढी मुले पास होतील त्या मानाने शाळेला पैसे मिळायचे. अशा हिशेबात भुकेले मूल म्हणजे खात्यातली तूट! मास्तरांनी त्याच्याकडे दयेने पाहावे की रागाने? १८९० च्या पुढे ही पद्धत हळूहळू मोडीत निघाली, आणि मास्तरांची नजर पाटीवरून उठून पाटी धरणाऱ्या हातांकडे जायला मोकळी झाली. शाळेच्या सुधारणेने आरोग्याची वाट उघडावी, हा त्या इतिहासातला पहिला प्रसंग. वाट उघडली खरी. तिच्यावरून चालणारे माणूस अजून यायचे होते.

ते माणूस यॉर्कशर परगण्यातल्या ब्रॅडफर्ड शहरी आले. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. तिथली कितीतरी पोरे अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत काढीत. गिरणीचे काम करून आलेले पोर बाकावर डोके टेकून झोपी जाई, आणि त्याला उठवून पाढे म्हणायला लावणे हे मास्तरांचे कर्तव्य असे. १८९३ साली तिथल्या स्कूल बोर्डाने जेम्स कर नावाचे डॉक्टर शाळांसाठी नेमले. शाळांकरिता म्हणून नेमलेले ते त्या देशातल्या अगदी पहिल्या डॉक्टरांपैकी एक. त्याच साली एक तेहतीस वर्षांची बाई ब्रॅडफर्डला राहायला आली. तिचे नाव मार्गारेट मॅकमिलन.

मार्गारेटचा जन्म १८६० चा, न्यूयॉर्कजवळचा, आईबाप स्कॉटलंडचे. वडील वारल्यावर आई मुलींना घेऊन माहेरी, स्कॉटलंडात परतली. लहानपणी स्कार्लेट फीव्हरच्या तापाने मार्गारेट बहिरी झाली आणि चौदा वर्षांची होईपर्यंत तिला ऐकू येत नव्हते. तेव्हा कान गेलेले मूल वर्गात कसे बसते, सगळे हसतात तेव्हा ते कसे हसते, हे तिला कोणा पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्या काळच्या स्कूल बोर्डांची एक विशेष गोष्ट अशी की पार्लमेंटच्या निवडणुकीत ज्या बायकांना मतही नव्हते त्यांना या बोर्डांवर निवडून येता येत असे. १८९४ साली मार्गारेट ब्रॅडफर्डच्या बोर्डावर निवडून आली.

मग बोर्डावरची ही बाई आणि बोर्डाचे हे डॉक्टर यांनी मिळून मुले तपासायला सुरुवात केली. मुलांच्या अंगावरचे कपडे उतरवले तेव्हा कळले की कितीएकांचे कपडे महिनोन्‌महिने उतरलेलेच नव्हते. थंडी सुरू झाली की आईने पोराला कपड्यांत शिवून टाकायचे ते उन्हाळ्याला उसवायचे, असा तिथल्या गरिबांत प्रघात होता. त्यात आईचा दोष तो काय? पाणी तापवायला कोळसा हवा, आणि अंगावरचे काढले तर बदलायला दुसरे कुठे होते? १८९७ साली ब्रॅडफर्डच्या वॉपिंग रोडवरच्या शाळेत मुलांसाठी न्हाणीघर बांधले गेले. शाळेने शिकवावे की न्हाऊ घालावे, असा सवाल करणारे शहाणे तिथेही होतेच. पण न्हाऊन आलेले पोर जास्त वेळ जागे राहते आणि कमी खाजवते, हे बाकापाशी उभ्या असलेल्या कोणाही मास्तरांना समजण्याजोगे होते.

इथवर सगळे ठीक चालले होते. तोच १९०२ साली शाळांची मोठी सुधारणा झाली.

हा बाल्फोरसाहेबांचा कायदा. त्याचा हेतू काय? चर्चच्या शाळांना पैसा अपुरा पडत होता, दुय्यम शिक्षणाची घडी बसवायची होती, आणि अडीच हजारांहून अधिक स्कूल बोर्डांचा पसारा आवरायचा होता. मुलांचे दात, डोळे आणि उवा यांचा त्यात कुठे संबंध नव्हता. कायद्याने सगळी स्कूल बोर्डे बरखास्त झाली आणि शाळा शहरांच्या व परगण्यांच्या कौन्सिलांकडे, म्हणजे आपल्या भाषेत म्युनिसिपालिटीकडे आणि लोकल बोर्डाकडे, सोपवल्या गेल्या. या कौन्सिलांवर बायकांना निवडून येता येत नव्हते. ज्या बाईने शाळेत न्हाणीघर आणले तिची जागाच कायद्याने काढून घेतली! मार्गारेटने ब्रॅडफर्ड सोडले आणि ती केंट परगण्यात आरोग्यशिक्षणाचे काम करणाऱ्या रेचेल या थोरल्या बहिणीकडे राहायला गेली. कर डॉक्टरही त्याच सुमारास लंडनच्या स्कूल बोर्डाच्या नोकरीवर गेले.

हे वाचून वाटेल की या कायद्याने घातच केला. पण इतिहास इतका सरळ नसतो. या कौन्सिलांच्या पदरी आरोग्याधिकारी पूर्वीपासूनच होते. साथीचे रोग, गटारे, दूध आणि पाणी यांची देखरेख त्यांच्याकडे असे. आजवर आरोग्याधिकारी एका कचेरीत आणि स्कूल बोर्ड दुसऱ्या कचेरीत, अशी स्थिती होती. आता दोघेही एकाच धन्याचे नोकर झाले. एकाच तिजोरीतून दोघांना पैसा, एकाच सभागृहात दोघांचा जाब. सुधारणेने एक दार लावले आणि नकळत दुसरे उघडले. बाल्फोरसाहेबांना तसे करायचे होते असे नव्हे. पण पुढच्या पाच वर्षांत जे घडले ते या दाराने घडले.

घडायला निमित्त झाले एका लढाईचे. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रज दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी लढत होते. फौजेत भरती व्हायला आलेल्या तरुणांपैकी कितीतरी जण छाती, उंची, दात आणि दृष्टी यांत नापास होऊ लागले. मेजर जनरल फ्रेडरिक मॉरिस यांनी यावर लेख लिहिले तेव्हा साम्राज्याच्या धुरीणांची झोप उडाली. १९०३ साली चौकशीसाठी कमिटी बसली आणि १९०४ साली तिचा अहवाल आला. शाळांतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी करा आणि उपाशी मुलांना जेवू घालण्याची सोय करा, असे कमिटीने सांगितले. आयांनी रडून जे झाले नाही ते सेनापतींनी कपाळाला हात लावल्यावर झाले! मुलांच्या आरोग्याला राज्यकर्त्यांकडून दाद मिळायची तर आधी बंदूक उचलण्याचा प्रश्न यावा लागतो, ही गोष्ट मनाला लागते. पण आहे ती अशी आहे.

१९०६ साली शाळेतल्या जेवणाचा कायदा झाला. तो कौन्सिलांना परवानगी देणारा होता, सक्ती करणारा नव्हता. ब्रॅडफर्डने मात्र १९०७ सालीच एक सुरेख प्रयोग करून दाखवला. राल्फ क्राउली नावाच्या शाळेच्या डॉक्टरांनी सुमारे चाळीस मुलांना काही महिने शाळेच्या दिवसांत सकाळचा नाश्ता आणि दुपारचे जेवण दिले आणि त्यांची वजने करीत राहिले. वजने चढत गेली. मध्ये व्हिटसनच्या सणाची सुट्टी आली, जेवण बंद झाले, आणि वजने खाली आली. शाळा पुन्हा भरल्यावर ती पुन्हा चढली. सणाच्या दिवसांत ज्यांचे वजन घटते अशीही मुले जगात असतात, हे त्या आलेखाने काळ्यावर पांढरे करून दाखवले.

त्याच १९०७ साली दुसरा कायदा झाला. त्याचे नावच मोठे रुक्ष होते: शिक्षणविषयक प्रशासकीय तरतुदींचा कायदा. नावावरून कोणाला वाटावे, कचेरीतल्या टाचण्या आणि टाकांचा हिशेब असेल. शिक्षणखात्याचे मुख्य सचिव रॉबर्ट मोरंट हे मोठे धोरणी गृहस्थ. पूर्वी त्यांनी सयामच्या राजपुत्राला शिकवण्याची नोकरी केलेली. वादळ उठेल असे काही करायचे तर ते कंटाळवाण्या कागदांत गुंडाळून करावे, ही कला त्यांना साधली होती. या किरकोळ तरतुदींच्या गठ्ठ्यात एक कलम होते: प्राथमिक शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी करणे हे कौन्सिलांचे कर्तव्य राहील. १ जानेवारी १९०८ पासून ते अमलात आले. खात्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून जॉर्ज न्यूमन यांची नेमणूक झाली. लंडनच्या फिन्सबरी भागात आरोग्याधिकारी म्हणून काम केलेला आणि बालमृत्यूंवर पुस्तक लिहिलेला हा माणूस. शाळेची तपासणी ही गावच्या आरोग्यकार्याचाच एक भाग समजून चालवावी, निराळे संस्थान उभे करू नये, असा त्यांचा पहिल्यापासून कटाक्ष होता. त्याच साली आणखी एक कायदा होऊन बायकांना कौन्सिलांवर निवडून येण्याची मोकळीकही मिळाली. मार्गारेटची गेलेली जागा पाच वर्षांनी परत आली म्हणायची, फक्त ती आता दुसऱ्या गावी होती.

तपासणी सुरू झाली, तक्ते भरू लागले. दर दहा मुलांत साधारण एकाची दृष्टी बरीच अधू निघाली. किडक्या दातांची आणि उवांनी भरलेल्या डोक्यांची तर मोजदादच नको. डॉक्टर तपासत, कार्डावर लिहीत, आणि घरी चिठ्ठी पाठवीत: आपल्या मुलाच्या डोळ्यांत दोष आहे, उपचार करावा.

खरी गोम होती ती या चिठ्ठीत. कायद्याने तपासणी हे कर्तव्य ठरवले होते. उपचाराची मात्र फक्त मुभा दिली होती. चिठ्ठी घेऊन आईने जायचे कुठे? खाजगी डॉक्टरांची फी परवडायची नाही. धर्मादाय इस्पितळात रांग लागलेली, तिथे दिवस मोडायचा, आणि दिवस मोडला की गिरणीतली रोजी बुडायची. म्युनिसिपालिटीने स्वतः दवाखाने काढावेत तर डॉक्टरमंडळींना आपले गिऱ्हाईक जाईल अशी धास्ती. १९०९ साली कायदा झाला तो उपचाराचा खर्च आईबापांकडून वसूल करण्यासंबंधीचा. पुढच्या वर्षी डॉक्टर पुन्हा शाळेत येत, तोच मुलगा, तेच डोळे, आणि कार्डावर तीच नोंद!

ही चिठ्ठी पोचवायची कशी, याचे उत्तर अटलांटिक महासागरापलीकडे, न्यूयॉर्कमध्ये, थोडे आधीच सापडले होते. तिथे १८९७ पासून शाळा तपासायला डॉक्टर नेमलेले होते. त्यांना खरूज, नायटा, डोळे आलेले असे मूल दिसले की ते त्याला घरी पाठवून देत. झाले काम! मूल घरी बसे किंवा रस्त्यावर त्याच मुलांशी खेळे ज्यांना लागण होऊ नये म्हणून त्याला घालवले होते. लिलियन वॉल्ड या परिचारिकेने हेन्री स्ट्रीटवर गरिबांच्या शुश्रूषेसाठी संस्था चालवली होती. १९०२ साली तिने आपली लीना रॉजर्स नावाची एक परिचारिका चार शाळांवर महिनाभरासाठी दिली. लीना शाळेत मलमपट्टी करी, आणि संध्याकाळी मुलाच्या घरी जाऊन आईला औषध कसे लावायचे ते दाखवी. महिनाभरात शहराची खात्री पटली आणि आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. १९०२ च्या सप्टेंबरात रोगापायी शाळेतून घरी पाठवलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. १९०३ च्या सप्टेंबरात ती १,१०१ झाली. डॉक्टर तेच, रोग तेच, शाळा त्याच. मध्ये एक बाई आली, जी चिठ्ठी हातात घेऊन जिने चढत होती.

इंग्लंडात ही गोष्ट मार्गारेट आणि रेचेल या बहिणींनी ओळखली. जोसेफ फेल्स नावाच्या अमेरिकन साबणवाल्याने पैसा दिला, आणि १९०८ च्या डिसेंबरात लंडनच्या बो भागात त्यांनी शाळेतच दवाखाना उघडला. ब्रॅडफर्डच्या म्युनिसिपालिटीनेही त्याच वर्षी शाळेच्या मुलांसाठी आपला दवाखाना काढला. १९१० साली बहिणींचा दवाखाना डेप्टफर्ड या गरीब वस्तीत हलला. तिथे त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. बरे होऊन गेलेले मूल थोड्या दिवसांनी तेच दुखणे घेऊन परत येई, कारण ते परत त्याच कोंदट खोलीत झोपे. म्हणून १९११ साली त्यांनी मुलींसाठी उघड्या हवेतल्या झोपण्याची सोय केली आणि १९१४ साली लहानग्यांसाठी मोकळ्या बागेतली बालवाडी काढली. १९१७ साली रेचेल वारली. मार्गारेट १९३१ पर्यंत तेच काम करीत राहिली.

उपचाराची मुभा १९१८ च्या फिशर कायद्याने कर्तव्यात बदलली. गिरणी-शाळा असा अर्धा-अर्धा दिवसही त्याच कायद्याने संपवला. पुढे १९१९ साली निराळे आरोग्यखाते निर्माण झाले. आता शाळेचे डॉक्टर कोणाचे, शिक्षणाचे की आरोग्याचे? इंग्रजांनी मोठी शहाणी तोड काढली: न्यूमन यांनाच दोन्ही खात्यांचे मुख्य वैद्यकीय अधिकारी केले. १९३५ पर्यंत एकच माणूस दोन खुर्च्यांवर बसत होता, त्यामुळे एका खात्याचे पत्र दुसऱ्या खात्यात पडून राहण्याची सोय नव्हती! १९४४ च्या बटलर कायद्याने शाळेतल्या मुलांना उपचार मोफत देण्याची जबाबदारी कौन्सिलांवर टाकली, आणि १९४८ साली सगळ्याच नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तरी शाळेचे डॉक्टर आणि परिचारिका शिक्षणाच्याच घरी राहिल्या.

त्यानंतरची गोष्ट घर बदलण्याची आहे. १९७४ साली आरोग्य सेवेची फेररचना झाली आणि शाळेचे डॉक्टर व परिचारिका कौन्सिलांकडून उचलून राष्ट्रीय आरोग्य सेवेत नेल्या गेल्या. हेतू चांगला होता. लहान मुलांचे सगळे वैद्यक एका जागी यावे आणि शाळेच्या डॉक्टरांना मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञांची जोड मिळावी. पण १९०२ साली नकळत उघडलेले दार या वेळी नकळत लागले. परिचारिकेचा साहेब एका कचेरीत, हेडमास्तरांचा दुसऱ्या. १९८८ च्या कायद्याने शाळांचे पैसे शाळांच्याच हाती दिले, आणि २०१० नंतर तर शाळा झपाट्याने कौन्सिलांमधून बाहेर पडून ‘अकादमी’ बनू लागल्या. आता गंमत पाहा. २०१३ च्या एप्रिलात सार्वजनिक आरोग्याचे काम पुन्हा कौन्सिलांकडे आले, आणि त्याबरोबर शाळेच्या परिचारिकेची व्यवस्थाही. एकोणचाळीस वर्षांनी परिचारिका माहेरी आली. येऊन पाहते तो शाळाच घर सोडून चाललेल्या! इंग्लंडातल्या माध्यमिक शाळांपैकी बहुसंख्य आज अकादमी आहेत. परिचारिका त्यांच्याकडेही जाते. पण आता ती घरची म्हणून नव्हे, पाहुणी म्हणून जाते. दोन खाती एका छपराखाली होती तेव्हा जे काम जेवताना बोलून होत असे, त्यासाठी आता करार लिहावे लागतात.

आता आपल्या ओट्याकडे यायला हरकत नाही. शाळेतल्या मुलांच्या वैद्यकीय तपासणीची आपल्या देशातली सुरुवात बडोद्याची, १९०९ सालची. ज्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानाला लागू केला, त्यांच्याच राज्यात तीन वर्षांनी डॉक्टर शाळेत गेला. मुले एका छपराखाली आली की पाठोपाठ डॉक्टर आलाच पाहिजे, हे इंग्लंडला उमगायला अडतीस वर्षे लागली होती. पण बडोदे हा अपवाद. १९४६ च्या भोर कमिटीला देशात शाळेची आरोग्यसेवा जवळजवळ नसल्यासारखीच आढळली, आणि १९६१ साली रेणुका रे यांच्या कमिटीला पुन्हा त्याच गोष्टी सांगाव्या लागल्या.

महाराष्ट्रात मात्र १ मे १९६२ रोजी एक मोठी गोष्ट घडली. जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि गावची प्राथमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्र ही दोन्ही एकाच जिल्हा परिषदेच्या हाती आली. एक शिक्षण समिती, एक आरोग्य समिती, दोन्ही एकाच सभागृहाला जाब देणाऱ्या. बाल्फोरच्या कायद्याने इंग्लंडला जे नकळत मिळाले होते ते आपल्याला वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून, समजून उमजून मिळाले. सत्ता गावाकडे नेण्याच्या त्या सुधारणेचे नाव घेताना आपण राजकारण आठवतो. मला त्यात शाळेच्या भिंतीला लागून उघडलेले दवाखान्याचे दार दिसते. पुढे २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरहून. त्याची पथके वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतात, मुले तपासतात, आणि दोष आढळला तर पुढे पाठवतात. हृदयाला छिद्र असलेल्या गरिबाच्या लेकराची शस्त्रक्रिया या मार्गाने फुकट होते, ही लहान गोष्ट नव्हे.

मी शाळामास्तर असल्यामुळे चिठ्ठीचे पुढे काय होते ते मला रोजच्या रोज पाहायला मिळते. एका मुलीच्या डोळ्यांची चिठ्ठी दोन महिने तिच्या कंपासपेटीत घडी घालून पडली होती. घरी का दिली नाहीस, विचारले तर म्हणाली, “चष्मा लागला तर आजी शाळा बंद करील म्हणते.” डॉक्टरांनी आपले काम चोख केले होते, कागद बरोबर होता, तालुक्याच्या रुग्णालयात सोयही होती. अडले होते ते शाळेच्या फाटकापासून आजीच्या खाटेपर्यंतच्या दोनशे पावलांत. ती पावले शेवटी गावातली आशाताई चालली. तिने आजीपाशी बसून चहा घेतला, स्वतःचा चष्मा काढून आजीच्या नाकावर ठेवला, आणि पुढच्या बुधवारी मुलीला एस.टी.त बसवून डोळे तपासून आणले. न्यूयॉर्कच्या जिन्यांवरून लीना रॉजर्स जे करीत होती तेच हे.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके जातात ती सरकारी आणि अनुदानित शाळांत. आपल्याकडे मात्र शिक्षणाची हवा बदलते आहे. पोटाला चिमटा घेऊन आईबाप मुलाला विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घालतात. पिवळी बस येते, टाय येतो, आणि मूल त्या पथकाच्या यादीतून निघून जाते. हे आईबाप श्रीमंत असतात असे नाही. फी भरून झाल्यावर डॉक्टरसाठी त्यांच्यापाशी फारसे उरत नाही. इंग्लंडात शाळा कौन्सिलाचे घर सोडून गेल्या, आपल्याकडे मुले जिल्हा परिषदेचे घर सोडून चालली आहेत. दोन्हीकडे कोणाच्या मनात वाईट नाही. बाल्फोरसाहेबांच्या मनात तरी कुठे होते?

म्हणून शाळेच्या सुधारणेची कोणतीही योजना पुढे आली की मी आधी तिचे एक पान शोधतो. अभ्यासक्रम बदला, परीक्षा बदला, शाळा एकत्र करा की वेगळ्या करा, व्यवस्थापन सरकारकडे ठेवा की संस्थेकडे द्या. त्या सगळ्यांत थोडेबहुत बरेवाईट असणारच. पण योजना अमलात आल्यावर, ज्या मुलीला फळा दिसत नाही तिची चिठ्ठी कोण हातात घेईल, कोणाच्या पगारावर, आणि ती घरी पोचली नाही तर कोणाला जाब विचारायचा, हे त्या पानावर लिहिलेले असावे. ते लिहिलेले नसेल, तर येत्या सोमवारी आपल्या गावच्या शाळेत जाऊन वाचकांनी हेडमास्तरांना तेवढेच विचारावे. उत्तर द्यायला त्यांना थोडा वेळ लागेल. तो द्यावा.